नडीचा पैसा: १९२३च्या जर्मन शहरी नोटा जमवायला सुरुवात कशी करायची

जर्मनीत नोकरीसाठी आले त्या पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी इथल्या जुन्या बाजारात गेले होते, आपल्या पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारासारखाच प्रकार, फक्त थंडी मरणाची. एका आजोबांच्या टेबलावर बुटांच्या खोक्यात नोटांचा गठ्ठा होता, कुठलीही उचला, एक युरो. मी एक उचलली. थुरिंगियातल्या एका छोट्या गावाची, पातळ कागद, एकाच बाजूला छापलेली, शाई मागून दिसत होती, आणि किंमत दहा लाख मार्क, मार्क म्हणजे जर्मनीचं तेव्हाचं चलन. मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने एकाखाली एक तीन आकडे मांडून बेरीज केलेली. घरी येऊन मी रात्री दीडपर्यंत ती नोट बघत बसले होते, आणि तेव्हापासून हा नाद लागलाय तो लागलाच.

आता भारतातले बरेच जण विचारतात की हे जमवायला सुरुवात कुठून करायची, काय घ्यायचं, फसवणूक कशी टाळायची, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते. माझं म्हणणं मुळात एकच आहे, ते आधीच सांगते: नोटेवरची तारीख आणि त्या दिवसाचा डॉलरचा भाव या दोन गोष्टी जोडीने वाचल्याशिवाय या नोटा समजतच नाहीत. सुंदर दिसते म्हणून घेतलेली नोट अल्बमात छान दिसेल, पण तिच्यातलं तुम्हाला काही कळणार नाही.

आधी शब्द समजून घ्या

या नोटांना म्हणतात नोटगेल्ड. आपल्याला वाटतं यातलं नोट म्हणजे आपली नोट, तसं नाहीये. जर्मनमध्ये नोट म्हणजे नड, निकड, अडचण, आणि गेल्ड म्हणजे पैसे. म्हणजे सरळ मराठीत नडीचा पैसा. सरकारी बँकेचा पैसा पुरत नाही म्हणून नगरपालिका, जिल्हे, बचत बँका, कारखाने, रेल्वेसुद्धा, ज्याला जमेल त्याने स्वतःच्या नावाने छापलेला पैसा.

मग चार प्रकार वेगळे करायला शिका

ही पायरी कंटाळवाणी वाटेल पण हीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो.

१९१४ला महायुद्ध सुरू झालं तशी लोकांनी नाणी दाबून ठेवली, पुढे तांबं आणि निकेल युद्धाकडे गेलं, बाजारात सुट्टे मिळेनात, म्हणून शहरांनी फेनिगच्या (शंभर फेनिगचा एक मार्क) छोट्या नोटा काढल्या. हा पहिला प्रकार, सुट्ट्या पैशांचा. दुसरा १९१८च्या शेवटी आला, युद्ध हरताना रोख कमी पडली तेव्हाच्या ५, १०, २०, ५० मार्कच्या शहरी नोटा, ह्या बऱ्यापैकी नीट छापलेल्या असतात.

तिसरा प्रकार म्हणजे १९२०-२२च्या रंगीत मालिका. यांना जर्मनमध्ये झेरियेनशाइने म्हणतात. २५, ५०, ७५ फेनिगच्या, प्रत्येक गावाने आपली दंतकथा, आपला किल्ला, आपला कवी छापलेला, हामेलन शहराने तर आपला उंदीर पळवून नेणारा बासरीवाला काढलाच. या दिसायला इतक्या गोड असतात की कुणीही भुलेल. पण यातल्या बहुतेक नोटा बाजारात चालवण्यासाठी नव्हत्याच, त्या जमवणाऱ्यांना विकायला काढल्या होत्या, लोक विकत घेणार आणि मुदत संपेपर्यंत परत करणार नाहीत, म्हणजे गावाच्या तिजोरीत तेवढेच पैसे. आणि ऑनलाइन बघा, निम्मे सेलर १९२१ची ७५ फेनिगची नोट महाचलनवाढीची, म्हणजे १९२३ला मार्कची किंमत रोज कोसळत होती त्या काळातली, नोट म्हणून खपवतात. अहो ७५ फेनिग म्हणजे एक मार्कसुद्धा नाही! ज्या महाचलनवाढीत पावाला अब्जावधी मार्क पडत होते तिथे फेनिगचं काय काम. मालिका आवडत असतील तर जरूर घ्या, मला पण आवडतात, फक्त त्या काय आहेत हे माहीत असताना घ्या.

चौथा प्रकार, आणि आपला खरा विषय, १९२३च्या चलनवाढीच्या नोटा. जुलै १९२२मध्ये सरकारने कायदा करून शहरांच्या असल्या नोटांवर बंदी घातली होती, पण रोख इतकी कमी पडायला लागली की दोनच महिन्यांत पुन्हा परवानगी द्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी तर परवानगी घेऊन आणि न घेता, दोन्ही तऱ्हेने हजारो ठिकाणी छपाई चालू झाली.

एक जोडनोंद, ऑस्ट्रियाच्या १९२०च्या हेलरच्या (हेलर म्हणजे तिथले सुटे पैसे) छोट्या नोटा पण ढिगाने मिळतात. त्या पहिल्या जातीच्या, सुट्ट्यांच्या टंचाईच्या. त्यांचा या १९२३च्या गोष्टीशी संबंध नाही.

शहरांना छापावं का लागलं

थोडक्यात सांगते, नाहीतर नोटेवरची तारीख वाचताना संदर्भ लागणार नाही. ११ जानेवारी १९२३ला फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रूर या कोळशाच्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या जर्मन भागात घुसलं, युद्धाची भरपाई वेळेवर मिळत नाही म्हणून. जर्मन सरकारने कामगारांना सांगितलं काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो. खाणी बंद, कर नाही, आणि लाखो लोकांचे पगार नोटा छापून. रूरकडे निघालेली रोख फ्रेंच सैन्य वाटेत जप्तही करायचं. तिकडे बर्लिनच्या राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, शंभराहून जास्त खासगी छापखाने कामाला लावले तरी पुरेना, कारण आज छापलेली नोट परवा पगाराला अपुरी.

आता तुम्ही स्वतःला एका गावच्या नगरपालिकेच्या खजिनदाराच्या जागी ठेवा. शुक्रवारी कारखान्याचा पगार आहे, बँकेत रोख आलेली नाही, आणि पगार सोमवारी दिला तर त्याचा अर्धाच पाव येणार. मग गावातलं वर्तमानपत्र छापणारा प्रेसवाला गाठायचा, मिळेल तो कागद, असेल तो टाइप, एका बाजूला छपाई, नंबराचं मशीन हाताने ठोकायचं, महापौराची सही ठशाने उठवायची, झाली नोट. माझ्या त्या पहिल्या नोटेवर नंबर थोडा तिरका पडलाय, आणि तो तिरका नंबर बघितला की मला तो रात्रपाळीचा माणूस दिसतो.

यात शहरांचा फायदा पण होता, हे लपवायचं कारण नाही. नोट काढली त्या दिवशी तिने पूर्ण किमतीचे पगार भागायचे, आणि महिन्याभराने लोक ती परत द्यायला आले तेव्हा तिची किंमत मातीमोल झालेली असायची.

आकडे वाचायला शिका, इथे मराठी माणसाला सोपं जातं

जर्मन नोटेवर रक्कम अक्षरात असते. टाउझेंड म्हणजे हजार. मिलिओन म्हणजे दहा लाख. मिलिआर्डे म्हणजे शंभर कोटी, आपलं अब्ज. आणि बिलिओन म्हणजे लाख कोटी. इथेच सगळे चुकतात कारण इंग्रजी बिलियन म्हणजे अब्ज, पण जर्मन बिलिओन त्याच्या हजारपट. एकावर बारा शून्यं. इंग्रजी लिस्टिंगमध्ये यात सतत गोंधळ असतो, सेलरनेच चुकीचं लिहिलेलं असतं, म्हणून लिस्टिंगवर विसंबू नका, नोटेचा फोटो मोठा करून शून्यं मोजा.

आपल्याकडे लहानपणी एकं, दहं, शतं, सहस्र पाठ करून घ्यायचे ना, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म पर्यंत, आणि आपल्याला वाटायचं की हे शब्द कुणी कधी वापरणार. तर बारा शून्यांचं महापद्म म्हणजेच हा जर्मन बिलिओन. १९२३च्या नोव्हेंबरमध्ये साध्या दुकानदाराला ही संख्या रोज लागत होती.

तारीख आणि भाव जोडा

आता मुख्य काम. एक कागद घ्या आणि हे लिहून अल्बमच्या पहिल्या पानावर चिकटवा. एका डॉलरला मार्क किती: महायुद्धाच्या आधी ४.२. जानेवारी १९२३ची सरासरी साधारण १८ हजार. जुलैची साडेतीन लाख. ऑगस्टची ४६ लाख. सप्टेंबरची जवळपास १० कोटी. ऑक्टोबरची अडीच हजार कोटी. आणि २० नोव्हेंबर १९२३ला ४ लाख २० हजार कोटी, तिथे तो थांबला.

माझीच नोट घेऊया. दहा लाख मार्क, ऑगस्ट १९२३. महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ११ लाखांच्या आसपास होता, म्हणजे ही नोट जवळपास एक डॉलरची. महिन्याच्या शेवटी डॉलर एक कोटीच्या पलीकडे, म्हणजे तीच नोट दहा सेंटच्या आत. आणि ऑक्टोबरच्या सरासरीने धरलं तर असल्या अडीचशे नोटा दिल्या तर एक सेंट. एकाच महिन्यातल्या दोन नोटा दिसायला सारख्या असतात पण त्यांच्या अर्थात दसपट फरक असतो, म्हणूनच मी सारखं सांगते की नोटेवर नुसता महिना नका बघू, दिवस बघा. बर्लिनमध्ये नोव्हेंबरात एका पावाला २०० अब्ज मार्कच्या आसपास पडत होते, आणि ते डॉलरमध्ये केलं तर जेमतेम पाच सेंट होतात. पाव महाग झाला नव्हता, मार्क संपला होता.

नोटेवरचे शब्द

जुन्या नोटा बऱ्याचदा फ्राक्टुर नावाच्या जुन्या जर्मन वळणात असतात, त्यात एस हा एफसारखा दिसतो, के हा टीसारखा, सुरुवातीला डोकं भणभणतं, पण पंधरावीस नोटा वाचल्या की डोळा बसतो. पाठ करायचे शब्द फार नाहीत. गूटशाइन म्हणजे पावती किंवा कूपन, बऱ्याच शहरांनी नोट न म्हणता हाच शब्द छापलाय. श्टाट म्हणजे शहर, क्राइस म्हणजे जिल्हा, गेमाइंडे म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखं. श्पारकासे म्हणजे बचत बँक. माजिस्ट्राट म्हणजे नगरपालिकेचा कारभार बघणारं मंडळ, आणि ओबरब्युर्गरमाइस्टर म्हणजे मोठ्या शहराचा महापौर. ग्युल्टिश बिस म्हणजे अमुक तारखेपर्यंत चालेल. उनग्युल्टिश किंवा एंटवेर्टेट असा शिक्का किंवा भोकं असतील तर नोट परत आली आणि रद्द झाली. रद्द नोट कमी किमतीत मिळते, सुरुवातीला ती घ्यायला माझी काही हरकत नाही.

महापौराची सही नक्की बघा. कोलोनच्या त्या काळातल्या नोटांवर कोनराड आडेनाउअरची सही सापडते, तो १९१७ पासून तिथला महापौर होता, आणि १९४९ला हाच माणूस पश्चिम जर्मनीचा पहिला चान्सेलर झाला. पुढे अख्खा देश सांभाळणारा माणूस इथे आपल्या शहराच्या नोटांवर सह्या करतोय, हे हातात धरून बघायला मिळतं.

गावाच्या नावात पण घोळ असतो. नॉयश्टाट नावाची गावं जर्मनीत कितीतरी आहेत, तेव्हा सोबत जिल्ह्याचं किंवा नदीचं नाव आहे का बघा. आणि काही शहरं आता जर्मनीत नाहीतच. ब्रेसलाऊ म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ, क्योनिग्सबेर्ग म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. डान्त्सिग तेव्हा वेगळं स्वतंत्र शहर होतं पण मार्कच वापरत होतं, त्यामुळे मार्कबरोबर तेही बुडालं आणि १९२३च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःचा गुल्डन काढला.

काय घ्यायचं, काय सोडायचं

माझा सल्ला, पहिल्या दहा नोटा एकाच शहराच्या किंवा एकाच भागाच्या घ्या. उदाहरणार्थ तुम्ही किंवा तुमचं कुणी स्टुटगार्टला राहतं, तर स्टुटगार्ट आणि आसपास. एकाच शहराच्या ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरच्या नोटा ओळीने लावल्या की किंमत हजारोंनी, लाखोंनी वाढताना आणि कागद मात्र खराब होत जाताना दिसतो. वेगवेगळ्या वीस गावांच्या वीस सुट्या नोटांत हे दिसत नाही. या साध्या नोटा दोनचार युरोत मिळतात, चार महिन्यांची रांग लागायला एखाद्या हॉटेलातल्या जेवणाएवढाच खर्च येतो.

त्यात एखादी ठसा मारलेली नोट जरूर घ्या. म्हणजे आधी छापलेल्या नोटेवर नवीन किंमत उठवलेली. सगळ्यात सहज मिळणारी शहराची नाही, राइशबँकेची आहे, डिसेंबर १९२२ची एक हजार मार्कची नोट आणि तिच्यावर तिरक्या लाल अक्षरात एक मिलिआर्डे. हजाराची नोट वापरायची वेळ येईपर्यंत तिला शंभर कोटीची करावी लागली, आणखी काही समजावून सांगायला लागत नाही.

अजून एक जात आहे जी लोक विसरतात. १९२३च्या शेवटी काही शहरांनी सोन्याच्या किंवा डॉलरच्या भावाला बांधलेल्या नोटा काढल्या, त्यावर ४.२० सोन्याचे मार्क बरोबर एक डॉलर असं लिहिलेलं असतं. महाचलनवाढीचा शेवट कसा झाला ते या नोटांत दिसतं. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क नावाचं नवं चलन आलं, आणि लाख कोटी जुने मार्क बरोबर एक रेंटेनमार्क असा हिशेब ठरला. एक गोष्ट मात्र गोंधळवेल, राइशबँकेची सगळ्यात मोठी नोट, शंभर बिलिओन मार्कची, हिच्यावर १५ फेब्रुवारी १९२४ची तारीख आहे, म्हणजे रेंटेनमार्क आल्यानंतरची. ती दुर्मिळ आहे, तुमच्यामाझ्यासारख्यांनी फोटोतच बघायची.

सुरुवातीला लांब राहायच्या गोष्टी: बीलेफेल्डच्या बचत बँकेने रेशमावर, लिननवर, मखमलीवर छापलेल्या नोटा, त्या गावात कापडाचा धंदा होता म्हणून. फार देखण्या, पण जमवणाऱ्यांसाठीच काढलेल्या आणि महाग. तसंच थुरिंगियाच्या सरकारी बँकेच्या १९२३च्या नोटा, हर्बर्ट बायर नावाच्या बाउहाउस या प्रसिद्ध जर्मन कलाशाळेतल्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काढलेल्या, नक्षी नाही, चित्र नाही, नुसती जाड ठळक अक्षरं. त्या मला मनापासून आवडतात, पण पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका, त्याच पैशात वीस साध्या नोटा येतात आणि त्या तुम्हाला जास्त शिकवतील.

खरी की खोटी

स्वस्त नोटांच्या नकला फारशा कुणी करत नाही, फायदाच नाही. पण रंगीत प्रिंट काढून विकणारे असतात, आणि साध्या नोटेवर खोटा ठसा मारून किंमत वाढवणारेही असतात. दोन वस्तू घ्या, एक दहापट भिंग आणि एक छोटी युव्ही टॉर्च. भिंगातून बघितल्यावर अक्षर सलग शाईचं दिसलं पाहिजे, रंगीत ठिपके ठिपके दिसले तर प्रिंटरची नक्कल. टॉर्चखाली जुना कागद मंद राहतो, आत्ताचा कागद निळा पांढरा चमकतो, कारण आजकाल कागदात उजळपणा आणणारं रसायन घालतात आणि १९२३ला ते नव्हतंच. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मागा, आणि नोट उजेडासमोर धरलेला पण, म्हणजे वॉटरमार्क आणि दुरुस्ती दोन्ही कळतं. सेलरने फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

वर्णनात केलर अमुक नंबर असं लिहिलेलं दिसेल, तो आर्नोल्ड केलर यांच्या जुन्या यादीतला क्रमांक, जमवणारे अजून तोच धरून बोलतात. भारतात मागवणार असाल तर पोस्टाने येताना कस्टम्सचं आधी विचारून घ्या.

जपायचं कसं

कोकण, मुंबई, गोवा या दमट हवेत कागद टिकवणं हे वेगळंच काम आहे. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा काही नोटा आईकडे ठेवल्या होत्या, साध्या स्वस्त अल्बमात. दोन पावसाळ्यांनी बघितलं तर प्लॅस्टिक चिकट होऊन दोन नोटांना कायमचं लागलेलं, ओढलं तर शाई निघत होती. तेव्हापासून पीव्हीसीचं पाकीट घरात येऊ देत नाही, मायलर किंवा पॉलिएस्टरचंच घ्या, थोडं महाग पडतं पण पडू दे. लॅमिनेशन तर नावच काढू नका, चिकटपट्टी पण नाही. घडी पडलेली नोट इस्त्री करायची नाही, दोन जाड पुस्तकांत आठवडाभर ठेवा, जेवढी बसेल तेवढी बसेल. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला, कसरीसाठी अधूनमधून अल्बम उघडून बघा, आणि डांबरगोळ्या प्लॅस्टिकला लागून ठेवू नका.

प्रत्येक नोटेमागे एक चिठ्ठी ठेवा, वेगळ्या कागदावर: गाव, जिल्हा, तारीख, रक्कम मराठीत, त्या दिवसाचा किंवा महिन्याचा डॉलर, कुठून घेतली, कितीला. नोटेवर स्वतः काही लिहू नका. आणि नोटेवर आधीच कुणी काही लिहिलेलं असेल, शिक्का, नाव, हिशेब, तर ते घाण समजून खोडरबरने पुसू नका. माझ्या त्या पहिल्या नोटेवरच्या बेरजेतले तिन्ही आकडे लाखांत आहेत आणि एकूण दहा लाखांच्या वर जाते. म्हणजे ज्याने ती केली त्याला ही एक नोट पुरली नव्हती.